पोरीच्या जिभेला घातलेलं कुलूप

हे मी कुणालाच बोललेलो नाही. बायकोला नाही — ती जाताना उशाशी बसून होतो, तरी नाही. देवाला सांगायचा प्रश्नच नव्हता. तो तिथेच होता, समोर, नारळाच्या पलीकडे. त्याने ऐकलं होतं.

मी चौथी शिकलेला माणूस. गिरणी बंद झाली तेव्हा कुणापुढे हात पसरला नाही, गोरेगावला एका कारखान्यात फिटर लागलो. मालाडच्या आमच्या चाळीत सगळे कोकणातले, आणि त्यांच्यात माझा मान एकाच गोष्टीसाठी. गाऱ्हाणं मी घालायचो. पूजा असो, बारसं असो, देवापुढे नारळ ठेवायचा आणि सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचं. माझं वाक्य संपलं की जमलेल्यांनी ओरडायचं — व्हय म्हाराजा! वाक्य काय होतं हे डोक्यात शिरायच्या आत तोंडातून व्हय निघतं. रीतच तशी आहे. ही रीत नीट ध्यानात ठेवा, माझं पाप तिच्यावरच उभं आहे.

शोभा माझी एकुलती एक. कॉलेजात इंग्रजी घेतलं होतं. गॅलरीत फेऱ्या मारत पाठ करायची — सिमिली, मेटाफर, हायपरबोली. मी दाढी करताना ऐकायचो. एकदा म्हटलं, "काय गं हे, औषधांची नावं?"

"बोलायच्या तऱ्हा आहेत बाबा. 'हा रेड्यासारखा आहे' म्हटलं तर सिमिली. सरळ 'हा रेडा आहे' म्हटलं तर मेटाफर."

"मग तुझी आजी मेटाफरवालीच होती. सारखा-बिरखा म्हणायला तिला वेळ कुठे होता?"

पोटभर हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुमच्या गाऱ्हाण्यात हे सगळंच आहे हो."

तेव्हापासून रोज सकाळी शिकवणी. कोण कुणाला शिकवत होतं, देव जाणे. एकाच शब्दाने चार वाक्यं सुरू करायची, त्याला नाव. उत्तर नको असलेला प्रश्न विचारायचा, त्याला नाव. आणि एक तऱ्हा — माणसाचं नाव न घेता त्याला असं टोचायचं की ज्याला लागायचं त्यालाच लागावं. "ह्याला इन्युएन्डो म्हणतात," ती म्हणाली. "ह्यात तर तुम्ही उस्ताद आहात बाबा." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं.

मग घाटकोपरला कॉलेजा-कॉलेजांची इंग्रजी भाषणाची स्पर्धा होती. आम्ही दोघं नवरा-बायको गेलो. शोभा उभी राहिली आणि माझं गाऱ्हाणं सांगू लागली. एक ओळ आमच्या बोलीत, मग ती ओळ उलगडून इंग्रजीत — इथे ही तऱ्हा, इथे ती. इंग्रजी मला कळत नव्हतं, पण बोलणं कधी पकड घेतं ते मला कळतं, त्यात मला कुणी शिकवू नये. शेवटी तिने हात वर केला आणि अख्खा हॉल ओरडला — व्हय म्हाराजा!

गुजराती पोरं, मद्रासी पोरं, सुटाबुटातले परीक्षक. सगळे. माझ्या बाजूला बायकोही ओरडली.

मी नाही ओरडलो.

चाळीबाहेर मला कधी कुणी व्हय म्हटलं होतं? आणि ही कालची पोर, माझाच माल घेऊन... तिला पहिलं बक्षीस मिळालं. एका सरांनी मला पुढे बोलावलं, हसत विचारलं, "काका, आपण बोलण्यात एवढं काय काय वापरतो हे तुम्हाला माहीत तरी होतं का?" त्या सरांना मी पुढे कितीतरी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण त्यांचा काय दोष? भला माणूस, मायेने विचारत होता. मला माहीत होतं. ह्या सगळ्यात मला काय माहीत नव्हतं?

महिन्याभरात चाळीची वर्षाची पूजा आली. गाऱ्हाणं माझंच. पाऊस, पाणी, पोराबाळांची नोकरी, दुखणी-खुपणी, सगळं रीतसर मागून झालं. आणि मग मी आवाज चढवला —

"ज्या कोणान घरचा गाऱ्हाणा परक्या भाषेत नेऊन इकल्यान असात, त्येच्या जिभेक कुलूप घाल रे म्हाराजा!"

व्हय म्हाराजा! सगळी चाळ. माझी बायको. आणि दुसऱ्या रांगेत, हात जोडून, डोळे मिटून, शोभा. तीही. रीतच तशी ना!

डोळे तिने मग उघडले.

रागाच्या भरात निघून गेलं, असं म्हणू? नाही म्हणणार. चार दिवस घोळवली होती ती ओळ. मशीनवर काम करताना शब्द घासत होतो, 'नेऊन' आधी की 'इकल्यान' आधी. नाव घ्यायचं नाही आणि लागायचं तिथेच लागायचं. तिनेच शिकवलेलं हत्यार.

घरी आल्यावर तिने विचारलं, "बाबा, ते माझ्यावर होतं का?"

इथे तरी खरं बोललो असतो! हो म्हणालो असतो तर ती भांडली असती. माझीच पोर, भांडी आपटली असती, दोन दिवस अबोला धरला असता आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा स्टेजवर गेली असती. पण मी म्हणालो, "खुळी का काय तू? जुनी ओळ आहे ती. माझा बाप म्हणायचा, त्याचा बाप म्हणायचा."

तिने ते खरं मानलं. म्हणजे काय झालं कळतंय ना? बापावरचा संशय गेला आणि तिथे देव येऊन बसला. गाऱ्हाणं बाहेर नेणं हे पाप, पिढ्यांपासूनचा नियम, आणि आपण तो मोडला. वर आपल्याच तोंडाने व्हय म्हटलं. ती माझ्या पाया पडली. "मला माहीत नव्हतं हो बाबा," म्हणाली. मी पाय मागे घेतले नाहीत.

पुढच्या स्पर्धेत, अंधेरीला, ती उभी राहिली आणि आवाजच फुटला नाही. बायको म्हणाली, नजर लागली. मी मान हलवली. त्यानंतर ती कुठे बोलली नाही. प्रोफेसर व्हायचं होतं तिला. वर्गापुढे उभं राहायला नको म्हणून कारकुनी धरली. लोक विचारायचे तेव्हा मीच सांगायचो, आमच्या शोभाला स्टेजची भीती. एक वाक्य बोललो असतो तर सुटली असती ती. इतक्या वर्षांत ते एक वाक्य मला सापडलं नाही — मला, गाऱ्हाणंवाल्याला! थू.

आता ती मुलुंडला असते. गेल्या रविवारी भेटायला आली होती, चहा टाकत होती तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. कुणाचा तरी निरोप समारंभ आहे, तुम्ही दोन शब्द बोला, असं काहीतरी. ती हसली. म्हणाली, "छे हो, मला नाही जमत. कॉलेजात होते तेव्हापासून चार माणसांत माझी जीभच उचलत नाही."

मी तिथेच बसलो होतो, हाताच्या अंतरावर. तिने फोन ठेवला आणि विचारलं, "बाबा, साखर बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, बरोबर आहे.