साहेबांची सुकेळी

फोन आला तेव्हा मी मनवेलपाड्यातल्या आमच्या घरी, दुपारची जेवणं उरकून ओटा पुसत होते. "ताई, जगूकाका गेले," चुलतभाऊ म्हणाला. "झोपाळ्यावर बसल्या बसल्या. हातात सुकेळं होतं." वय चौऱ्याऐंशी. खोटं कशाला सांगू, मला रडू यायच्या आधी हसू आलं. सुकेळं हातात धरून जाणं त्यांनाच जमलं असतं. मग मात्र ओट्यालाच टेकून पोटभर रडले. महिना झाला त्याला.

जगूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वसईजवळच्या होळी गावात आमची फुलांची आणि केळीची वाडी. तरुणपणी काका फुलं घेऊन दादरला जायचे आणि टोपल्या रिकाम्या झाल्या की इंग्रजी सिनेमाच्या मॅटिनीला बसायचे. तिथे त्यांना 'साहेब' भेटले. साहेब म्हणजे विलायतेतला एक जुना नट. आमच्या घरात त्याचं नाव कधी कुणी घेतलंच नाही, नुसतं साहेब. पाव भाजणाऱ्याचा मुलगा, नाटक कंपनीत पडदा ओढायला लागला, एक नट आजारी पडला म्हणून स्टेजवर उभा राहिला, लढाईवर जाऊन एक कान गमावून आला आणि मग वीस वर्षं हिरो! हे सगळं काका आम्हाला गजरे बांधता बांधता सांगत. एरवी घरच्या बोलीत बोलणारा माणूस, पण साहेबांचे संवाद म्हणताना थेट पुस्तकी मराठीवर यायचा. साहेब म्हातारे झाले, त्यांना बटलरची कामं मिळू लागली, तेव्हा आम्हालाच वाईट वाटलं. काकांना नाही. "अरे, ट्रे कसा धरलाय बघायला पाहिजे होतं तुम्ही! थेंब सांडला नाही," म्हणायचे.

एका हिवाळ्यात काकांनी सिनेमाच्या मासिकातून पत्ता मिळवला आणि साहेबांना सुकेळी पाठवली. वसईबाहेरच्यांसाठी सांगते : राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधायची, ती सुकेळी. आम्ही एका पानात पाच-सहा एकत्र बांधतो. पण पाहुणा पडला साहेब! काकांनी एकेक सुकेळं वेगळं गुंडाळलं, वर केळीच्या सोपटाच्या दोरीने बारीक गाठ मारली. आत काय आहे ते लिहायचं मात्र राहिलं. सुकेळी कुणाला माहीत नसतील हे आमच्या वाडीत कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. घरात इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटी, आठवीतली. काकांनी मातीचे हात धुतले, सगळी आळी ओटीवर जमली. "वाच गं बाय," काका म्हणाले. मी पत्र उघडलं. साहेबांनी लिहिलं होतं, तुमचे सिगार दिसायला फार देखणे आहेत, वासही गोड आहे, पण काही केल्या पेटत नाहीत...

काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "साहेब म्हणतात, सुकेळी फार गोड होती."

काय तो आनंद! काकांनी पेढे वाटले. पुढे साहेबांचा सहीचा फोटोही आला, त्यावर खरोखरच एक ओळ होती : सुकेळी फार गोड होती. मला वाटलं, देवच पावला. पण पहिलं खोटं ते खोटंच. लग्नकार्यात काका ती गोष्ट रंगवून सांगायचे आणि मी भाजी वाढायच्या निमित्ताने उठून जायचे. गेल्या दिवाळीत धीर केला. "काका, ते साहेबांचं पहिलं पत्र..." त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "गोड होती म्हणाले ना? मग झालं!" सुकेळं दोन बोटांत धरलं, ओठांना लावलं, छताकडे बघत खोटाच धूर सोडला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. ही त्यांची जुनी खोड. साहेबांची नक्कल, असं आम्ही सगळे समजत आलो.

तेराव्याला काकीने पत्र्याचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. "तुलाच द्यायला सांगितलं होतं." आत फोटो, ते पत्र आणि त्याखाली एका इंग्रजी पत्राची कार्बनची नक्कल. अक्षर काकांचं. इंग्रजी मोडकं, पण अर्थ लख्ख : 'साहेब, हे सिगार नाहीत, सुकेळी आहेत, वाळवलेली केळी. पेटवू नका. पान काढून खा. आमच्या पोरीने तुमचं पत्र फार सुंदर वाचलं. पुढच्या वेळी गोड होती असं लिहा. वाचणार तीच आहे, तिला त्रास नको.'

मी आपली कपाळावर हात मारून बसले. ज्या माणसाने एकेक इंग्रजी सिनेमा दहा-दहा वेळा पाहिला, त्याला पत्रातल्या चार ओळी कळणार नाहीत, असं मी चाळीस वर्षं धरून चालले होते! आणि दर हिवाळ्यात तो माझ्यासमोर बसून सुकेळं ओढत होता...

परवा चुलतभावाने वाडीतली सुकेळी पाठवली, काकांसारखी एकेक वेगळी गुंडाळून. एक उचललं, दोन बोटांत धरलं आणि घरात कुणी नाही असं बघून चांगला लांब झुरका घेतला. नाही पेटलं. मग पान काढून खाल्लं. फार गोड होतं, काका.