बनियनवरचे दोन शब्द

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझा धाकटा दीर सोळा वर्षांचा होता, आणि माझं स्वागत केलं ते त्याच्या बुटांच्या वासानं. जिन्याखाली चिखलानं माखलेले तीन जोड कायम वाळत पडलेले. सासूबाई म्हणाल्या, "सवय कर बाई. आम्हीही आधी नाकं मुरडायचो. मग नाकानंच हात टेकले." त्याला मी भाऊजी म्हणत असे, पण अहो-जाहो काही जमलं नाही. ज्याच्या मोज्यांना आपण साबण लावतो, त्याला अहो कुठल्या तोंडानं म्हणायचं?

पुढे तो व्यावसायिक फुटबॉल खेळला, चांगली चौदा वर्षं. फार मोठा खेळाडू नव्हता. दुसऱ्या श्रेणीच्या क्लबात डाव्या बाजूनं धावायचा, वर्षाला सहा-सात गोल. पण गोल झाल्यावर त्याचा आनंद बघण्यासारखा असे. त्या क्लबातल्या पोरांनी गोल साजरा करण्याचे प्रकार ठरवलेले होते आणि त्यांची रीतसर तालीम चाले. सगळ्यांनी ओळीनं बसून होडी वल्हवायची, एकानं बाण मारायचा आणि बाकीच्यांनी पडायचं, असं काय काय. एकदा मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर हा गुडघ्यांवर घसरत आला तो थेट चपलांच्या कपाटात. सासूबाईंनी स्वयंपाकघरातूनच सांगितलं, "आधी गोल कर, मग घसर."

त्या दिवसांत एक गोलकीपर होता. दुसऱ्या क्लबाचा, उंच, काटकुळा. त्याला सगळे खांब म्हणत. त्याच्याविरुद्ध आमचा भाऊजी नऊ सामने खेळला आणि नवांत एकही गोल झाला नाही. चेंडू कुठेही मारा, खांबाचा हात तिथे हजर. दहाव्या सामन्याच्या आधी कुणा वार्ताहरानं खांबाला याच्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "त्याच्या पायांत नाच आहे. गोल नाही." ते छापून आलं. बोलणाऱ्यानं ते हसत म्हटलं असेल, पण कागदावर हसू उमटत नाही. भाऊजी दोन दिवस जेवणाच्या टेबलावर मान खाली घालून बसला. आमचे हे त्याला म्हणाले, "लोक बोलणारच. तू खेळ."

सामन्याच्या सकाळी तो एक कोरं पांढरं बनियन आणि काळा मार्कर घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. "वहिनी, तुझं अक्षर चांगलं आहे. यावर लिहून दे."

"काय लिहू?"

त्यानं एक लांबलचक वाक्य सांगितलं. नाच कुणाला येतो आणि कुणाला येत नाही, असं काहीतरी. मी म्हटलं, "एवढं वाचायला प्रेक्षकांना चष्मे वाटणार आहेस का? दोन शब्द पुरे. 'हा घे.'"

त्याला ते इतकं आवडलं की त्यानं ते दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं. शाई पाठीकडच्या बाजूला उतरू नये म्हणून मी बनियनच्या आत पुठ्ठा सरकवला, पेन्सिलीनं रेघा आखल्या आणि वीतभर उंचीची ठसठशीत अक्षरं काढली. हा घे. मला मजा वाटत होती, हे लपवत नाही.

सामना आम्ही घरी टीव्हीवर पाहिला. उत्तरार्धात उजवीकडून चेंडू उंच आला. तो पकडायला खांब पुढे झेपावला, त्याच वेळी त्याच्याच संघाचा बचावपटू उडाला आणि त्याचा गुडघा खांबाच्या गुडघ्यावर आदळला. दोघंही खाली. चेंडू सुटला, उसळला आणि आमच्या भाऊजीच्या पुढ्यात आला. समोर मोकळं जाळं. त्यानं चेंडू नुसता ढकलला, गर्रकन वळला, प्रेक्षकांकडे धावत गेला आणि छातीवरचा शर्ट गळ्यापर्यंत वर ओढला.

आम्ही तिघांनीही टाळ्या वाजवल्या. मग पडद्याच्या कोपऱ्यात पिवळं स्ट्रेचर दिसलं. सासूबाई म्हणाल्या, "तो का उठत नाही?"

रेफरीनं भाऊजीला शर्ट वर केल्याबद्दल पिवळं कार्ड दाखवलं. नियमानं त्याला झालेली शिक्षा एवढीच. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत पुढे तो, तोंड उघडं, छातीवर माझं अक्षर. मागे खांब गवतावर आडवा, आणि त्याचा पाय पायासारखा दिसत नव्हता. ते दोन शब्द त्या फोटोत काय म्हणत होते, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

खांबाचं तीन महिन्यांत दोनदा ऑपरेशन झालं. पाय वाचला, गुडघा गेला. वाकेना तो वाकेनाच, आणि पाय बोटभर आखूडही झाला. तो पुन्हा खेळला नाही.

भाऊजी आमच्या ह्यांना बरोबर घेऊन इस्पितळात गेला होता. खांबाच्या बायकोनं दारातच सांगितलं, "तुमचं झालं ना बघून? जा आता." तेव्हा मीच म्हटलं, पत्र लिही. त्याला लिहिता येईना, म्हणून मजकूरही मीच सांगितला. घडलं त्याचं दुःख आहे, माफी मागतो, हे सगळं लिहून झालं. मग मी सांगितलं, "लिही, माझी तुमच्याकडे पाठ होती. तुम्ही पडलेले मला दिसला असतात, तर तो चेंडू मी बाहेर मारला असता."

त्याचं पेन थांबलं. "हे लिहू?"

"मग? तेच तर सांगायचं आहे."

त्यानं लिहिलं. भाजीत मीठ पडलंय की नाही, ते मला वाफेवरून कळतं. पोरं खोटं बोलताहेत की नाही, ते त्यांच्या चपला काढण्यावरून कळतं. त्या दिवशी पेन का थांबलं, एवढं मी विचारलं नाही.

पत्राला उत्तर आलं नाही. त्यानंतर भाऊजी आठ वर्षं खेळला, पण गोल झाला की तो मान खाली घालून नुसता मधल्या रेषेकडे चालू लागे. सोबती पाठीवर उड्या मारत, तो त्यांना हळूच खाली उतरवी. प्रेक्षक त्याला पोस्टमन म्हणू लागले. टाकलं आणि चालला. वर्तमानपत्रांनी त्याचा सज्जनपणा डोक्यावर घेतला. एका वर्षी संघटनेनं त्याला खिलाडूवृत्तीचा पुरस्कार दिला, चांगला हातभर उंच कप. तो त्यानं घरी आणून दाराशीच ठेवला आणि आंघोळीला गेला. सासूबाईंनी त्यात कपडे वाळत घालायचे चिमटे भरून ठेवले. "ठेव की कपाटात, बक्षीस आहे," हे म्हणाले. भाऊजी म्हणाला, "चिमटेच बरे आहेत."

खेळ सुटल्यावर त्यानं खेळाच्या बुटांना तळ लावण्याचं दुकान काढलं. दुकान म्हणजे एक खोली. भिंतीला लाकडी फर्मे टांगलेले, खिडकीशी शिवणयंत्र, चिकटवायच्या सोल्युशनचा डोकं धरणारा वास. तो फार निगुतीनं काम करतो. सोल्युशन तळालाही लावायचं, बुटालाही लावायचं, मग दोन्ही वेगवेगळं सुकू द्यायचं. गिऱ्हाइकांना धीर नसतो. "आता चिकटवा की," म्हणतात. तो म्हणतो, "ओलं असताना चिकटवलं तर आजचा दिवस टिकेल." आठवड्यातून दोनदा मी त्याचा डबा घेऊन जाते. लग्न त्यानं केलं नाही. का, ते सासूबाई जाईपर्यंत त्याला विचारत होत्या.

यंदा, त्या सामन्याला एकोणीस वर्षं झाल्यावर, दुकानात फोन आला. खांबच होता. त्याच्या आखूड पायाच्या बुटाला जाड तळ लागतो, आणि तो लावणाऱ्या कारागिराची नजर गेली. कुणीतरी याचं नाव सांगितलं. "मला एवढा प्रवास जमत नाही," खांब म्हणाला. "येशील का माप घ्यायला? मागणं जरा मोठंच आहे, पण तळ तुझ्यासारखा कुणी लावत नाही म्हणतात."

भाऊजीनं मला विचारलं, "वहिनी, चलशील?"

खांबाचं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळ्यांचे, बिजागऱ्यांचे खण छतापर्यंत. तो उंच स्टुलावर बसलेला, एक पाय सरळ दुसऱ्या स्टुलावर. केस पिकलेले, पण हात तेवढेच लांब. बसल्या जागेवरून तो तिसऱ्या रांगेतला खण ओढत होता. आम्हाला बघून म्हणाला, "अरे, पोस्टमन स्वतः आला."

मला आधी माझं ओझं उतरवायचं होतं. मी म्हटलं, "त्या बनियनवरचं अक्षर माझं होतं. शब्दही माझेच. मला माफ करा."

तो हसला. "ताई, अक्षर झकास होतं. शेवटच्या रांगेतूनही वाचता येत असेल. आणि पेपरात तोंड मीच आधी उघडलं होतं. माझी तोंडची वाफ, तुमची शाई. फिट्टंफाट."

चहा आला. भाऊजी खाली बसून त्याच्या बुटाचं माप घेऊ लागला. बूट कागदावर ठेवून पेन्सिलीनं कड आखली, टाचेची उंची मोजली. खांब बोलत होता. गुडघ्याचं, धंद्याचं, मुलाचं. मुलगा शाळेत गोलकीपर आहे म्हणाला. मग सहज म्हणाला, "तुझं पत्र अजून आहे माझ्याकडे. तेव्हा बायकोमुळे उत्तर दिलं नाही, राहून गेलं ते गेलंच. पण त्यातली ती ओळ, दिसला असतात तर चेंडू बाहेर मारला असता, ती मी मुलाला वाचून दाखवली. म्हटलं, बघ, खेळाडू असा असतो."

भाऊजीची पेन्सिल थांबली. बूट त्याच्या मांडीवर होता.

"मी पाहिलं होतं," तो म्हणाला.

"काय पाहिलं होतंस?"

"तू पडलास ते. पाय पाहिला. तू हात वर केलास, थांब म्हणून. चेंडू तेव्हा माझ्याजवळ आलाही नव्हता."

खांबानंच त्याला वाट काढून द्यायचा प्रयत्न केला. "तुला वाटलं असेल, गोली वेळ काढतोय. आम्ही करतो ती नाटकं."

"नाही. तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं." भाऊजी बुटाकडे बघत बोलत होता. "मला वाटलं, आता बनियन दाखवता येईल. एवढंच वाटलं."

दुकानात कुणी गिऱ्हाईक नव्हतं. खांब म्हणाला, "एकोणीस वर्षं मी तुझी वकिली केली. बायकोपाशी. मुलापाशी. माझा मोठा भाऊ तुला जनावर म्हणाला, म्हणून चार वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. तो गेला मागच्या साली."

भाऊजी म्हणाला, "मला माहीत नव्हतं."

"आज कशाला सांगितलंस? इतकी वर्षं गिळलंस, पुढेही गिळायचंस."

"तू मुलाला वाचून दाखवलंस म्हणालास."

मी तोंड उघडलं. पत्रही माझंच होतं, ती ओळ मी घातली होती, हे सांगायचं होतं. खांबानं माझ्याकडे न बघता हात वर केला, आणि मी गप्प झाले.

"बूट दे इकडे," तो म्हणाला.

भाऊजीनं बूट दिला. खांबाचा गुडघा वाकत नाही, त्यामुळे बूट घालायचा तर पाय स्टुलावर आडवा ठेवून, कमरेतून पुढे झुकून, बोटांच्या टोकांनी लेस ओढावी लागते. लांब हात असूनही तो तिथवर धड पोचत नव्हता. भाऊजी सवयीनं खाली वाकला आणि लेसला हात घातला.

"राहू दे."

तेवढ्यात एक बाई दार उघडून आत आली आणि तिनं अर्ध्या इंचाचे स्क्रू मागितले. खांब वाकलेलाच होता. तसाच म्हणाला, "डावीकडे, खालून दुसरा खण. लागतील तेवढे घ्या." ती घेऊन गेली, तरी त्याची गाठ व्हायची होती. आम्ही दोघं उभे राहून बघत होतो. मदत करता येत नव्हती आणि निघताही येत नव्हतं.

गाठ झाल्यावर भाऊजीनं विचारलं, "तळाचं काय करू?"

"बघू," खांब म्हणाला, आणि खणांतले खिळे सारखे करू लागला.

बसथांब्यावर भाऊजी म्हणाला, "वहिनी, न सांगता उठलो असतो तर?"

तर त्याला एक मित्र मिळाला असता, आणि खांबाकडे त्याची ओळ राहिली असती. आणि त्याच्या सव्विसाव्या वर्षी मी त्याच्या तोंडात ते वाक्य घातलं नसतं, तर त्यानं काय लिहिलं असतं, कोण जाणे. वाईट लिहिलं असतं, पण खरं लिहिलं असतं. खांबाचा भाऊ तेव्हा जिवंत होता. मी म्हटलं, "बस आली. चढ."

याला तीन महिने झाले. बुटाची कड आखलेला कागद भाऊजीजवळच राहिला होता. त्या मापानं त्यानं तळ कापला आहे, टाच चढवून कडा घासून ठेवल्या आहेत. डबा घेऊन गेले की मी विचारते, "खांबाचा फोन?" तो नाही म्हणून मान हलवतो आणि हात धुवायला उठतो.