कागद जाग्यार आसा

१९९९ च्या मासेमारीच्या मोसमात मालवण बंदराबाहेर ट्रॉलरच्या जाळं ओढायच्या विंचमध्ये बाबली कोयंडेचा उजवा हात सापडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, बाकीचा हात वाचला. गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळातून तो दांडीवर, आपल्या किनाऱ्यावरच्या वाडीत, परत आला तेव्हा लोक बघायला यायचे आणि तो हात टॉवेलाखाली धरून बसायचा. त्याला स्वतःच्याच हाताची किळस आली होती. भाताचा घास करताना माशाची कढी उरलेल्या बोटांतून गळायची, म्हणून तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. नर्मदेने, त्याच्या बायकोने, एकदा घास भरवायला हात पुढे केला, तर ताट तसंच ठेवून उठला आणि किनाऱ्यावर जाऊन बसला.

डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो त्याने पहिल्याच आठवड्यात माडाच्या मुळात फेकला.

नर्मदेचा भाऊ शंकर मालवाहू जहाजावर खलाशी होता. त्या मे महिन्यात तो सुट्टीवर आला तो टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन. आणला होता भाच्यांसाठी, म्हणजे बाबलीच्या पोरांसाठी, पण ती समुद्रात डुंबायला गेली आणि यंत्र जोडता जोडता शंकरने ते बटणांचं हातातलं, ज्याला पुढे सगळे रिमोटच म्हणू लागले, बाबलीच्या मांडीवर ठेवलं. पडद्यावर एक गाडी धावत होती. बाबलीने डाव्या हाताने दोन बटणं दाबली. गाडी कठड्यावर आदळली. मग त्याने टॉवेल बाजूला केला.

त्या दिवशी तो सगळ्यांकडे तोंड करून जेवला, कारण टीव्ही त्याच बाजूला होता.

वर्षभरात तीन बोटांच्या त्या हातात पकड आली. होडीवर जाणं कायमचं सुटलं, पण जाळी शिवायची सुई धरता येऊ लागली आणि दांडीवरची निम्मी जाळी बाबलीच्या अंगणात येऊ लागली. दुपारी सुई खाली ठेवली की तो खेळायचा. चाळिशीकडे झुकलेला माणूस पोरांसारखा टीव्हीसमोर बसतो म्हणून लोक हसले. काही दिवसांनी हसणाऱ्यांतलेच दोघेतिघे त्याच्या शेजारी बसायला लागले.

शंकर पुढे सीडीवर चालणारं यंत्र घेऊन आला आणि दर सुट्टीत खेळांच्या वापरलेल्या सीडी आणू लागला. परदेशी बंदरांत जुन्या वस्तूंची दुकानं असतात, तिथून. एका डबीवर कुणा पोराने बॉलपेनने सूर्य काढला होता. बाबलीला ती डबी फार आवडायची. कुठल्या मुलखातला पोर, त्याचं खेळून झालं, त्याने दुकानात दिली, आणि आता आम्ही इथे खेळतो, असं तो आल्यागेल्याला दाखवून सांगायचा.

अशा सीडींचा एक फेराच सुरू झाला. तारकर्लीचा विकी होता, ज्याच्या बापाने माडाच्या बागेत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. बाजारपेठेत कॉम्प्युटर क्लास चालवणारा सुशांत होता. दोडामार्गाहून स्वरूप यायचा. तो रोज गोव्यात कारखान्यात कामाला जायचा आणि सुट्टीच्या दिवशी एसटीने मालवण गाठायचा. नवी सीडी आली की ती एकाकडून दुसऱ्याकडे जायची आणि फिरून बाबलीकडे यायची. कुणी कुणाला विचारायचं नाही की ही कुणाची. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोराला ज्याने हात लावला त्याला चार मासे मिळतात, मग तो वाटसरू का असेना. बाबलीचा बाप रापणकर होता आणि बाबलीला दुसरी कुठली रीत माहीतच नव्हती.

हे जवळजवळ दहा वर्षं चाललं.

२०१० च्या पावसाळ्यापर्यंत नव्या जातीची यंत्रं आली होती. विकीने एक घेतलं, सुशांतने हप्त्यांवर घेतलं, आणि बाबलीला शंकरने जहाजावरून आणून दिलं. सोबत फुटबॉलची एक सीडी होती, नेहमीसारखी जुन्या दुकानातली. बाबलीने ती घातली. चार संघ दिसले. बाकीचे सगळे करडे, प्रत्येकावर कुलपाचं चित्र. वर सूचना आली की डबीतल्या कागदावरचा कोड टाका. शंकरशी बोलता यावं म्हणून घरात नेट घेतलेलं होतं, तेव्हा बाबलीने कागद शोधून कोड टाकला. पडद्याने सांगितलं, हा कोड आधीच वापरला गेला आहे.

त्याने सुशांतला बोलावलं. सुशांतने समजावलं, तेही आपल्या शिकवण्याच्या सवयीने, शुद्ध मराठीत. जो पहिल्यांदा सीडी विकत घेतो तो कोड वापरतो आणि खेळ पूर्ण उघडतो. कोड एकदाच चालतो. नंतर सीडी विका, वाटा, दान करा, पुढच्याला अर्धाच खेळ मिळतो. पूर्ण हवा तर कंपनीकडून कोड पुन्हा विकत घ्यायचा.

बाबलीने डबी मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "उष्टा करून ठेवलानी."

पुढच्या रविवारी चौघे त्याच्या पडवीत जमले. मासेमारी बंद होती, वीज गेलेली होती, नवं यंत्र कपाटावर नुसतं बसून होतं, त्यामुळे बोलण्याखेरीज काम नव्हतं. दुपारभर वाद झाला. सुशांत कंपनीच्या बाजूने बोलला, आणि त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. खेळ बनवायला शेकडो माणसं राबतात, तो म्हणाला. जुनी सीडी दहा हातांत फिरते तेव्हा त्या माणसांना काहीच मिळत नाही. स्वरूपने विचारलं की मग माझी जुनी मोटरसायकल मी विकली तर कारखानावाला तिचं एक चाक काढून नेतो का. विकीला या वादाचाच कंटाळा आला होता. त्याच्या मते खेळ हा आता या यंत्राचा एक कोपरा होता. त्यावर पिक्चर लागतो, काचेसारखा स्वच्छ; गाणी लागतात; पर्यटकांनी किनाऱ्यावर काढलेले फोटो संध्याकाळी मोठ्या टीव्हीवर दाखवता येतात. त्याच्या खोल्यांचं बुकिंग त्यावर वाढलं होतं. कुलपांचं काय घेऊन बसलात, असं त्याने दोनदा विचारलं, आणि शेवटी सुचवलं की म्हापशाला एक माणूस यंत्राचं कुलूप फोडून देतो, मग चोरीच्या सीडी चालतात, कोडबिड काही लागत नाही.

तोवर बाबली जाळं पायाच्या अंगठ्यात ताणून शिवत बसला होता. त्याने सुई थांबवली.

"म्हणजे चोराक कुलूप नाय," तो म्हणाला, "आणि जो इकत घेता, खेळता, दुसऱ्याक देता, तेकाच कुलूप. इकत घेतलंय म्हणजे ती माजी. उद्या तुका दिलंय म्हणजे ती तुजी. मदी हो तिसरो कोण?"

शेवटी बाबलीनेच तोड काढली. सगळ्यांनी मिळून फुटबॉलची नवी सीडी घ्यायची, पण कोड कुणीच वापरायचा नाही. कागद डबीत तसाच राहील. खेळायचं तर सगळ्यांनी त्या चार संघांवर खेळायचं. अर्धा खेळ तर अर्धा, पण सारखा. विकी हसला, तरी हो म्हणाला. सुशांतने मान हलवली. स्वरूपकडे तर नवं यंत्रच नव्हतं, पण तो म्हणाला, मी बाबलीदादाकडे येऊन खेळेन.

नवी सीडी आली. आधी विकीकडे गेली, मग सुशांतकडे, आणि गणपतीनंतर बाबलीकडे. डबी उघडली तर कागद घडी करून आत होता. बाबलीने नर्मदेला तो कौतुकाने दाखवला. मग चार संघांतला सर्वांत कमजोर संघ घेऊन तो महिनाभर खेळला, आणि स्वरूप आला की त्याच्याशी हरलाही.

दिवाळीच्या सुट्टीत तारकर्ली माणसांनी भरली. विकीच्या बापाला पाहुण्यांसाठी कुर्ल्या, मोठे खेकडे, हव्या होत्या. दांडीवरच्या एका होडीला त्या चांगल्या मिळाल्या होत्या, आणि बाबली रिक्षाने त्या पोचवायला गेला. पाटी मागच्या दारी ठेवून पैशांसाठी तो जेवणघराच्या व्हरांड्यात आला. तिथे भिंतीवर मोठा टीव्ही होता. दोन पाहुणे हातात ताटं घेऊन जेवत होते आणि त्यांची मुलगी खेळत होती, तेलकट बोटांनी. फुटबॉलच चालू होता. बाबलीने जर्सी ओळखल्या नाहीत. असा संघ त्याने कधी पाहिलाच नव्हता. मुलीने सामना सोडला आणि संघांची यादी पुढे सरकवली, आणि ती सरकतच राहिली. कुठेही करडं काही नव्हतं. कुठेही कुलूप नव्हतं. कोपऱ्यात विकीचं नाव लिहिलेलं होतं.

विकी आतून सोलकढीचे पेले घेऊन आला. बाबलीला बघून क्षणभर थबकला, मग पेले ठेवून त्याला बाजूला घेऊन गेला. सीडी बाबलीच्या घरी आहे हे खरं, पण विकीने स्वतःसाठी म्हापशाहून दुसरी, वापरलेली, पैदा केली होती. कोड मात्र त्याने पहिल्याच रात्री त्या सगळ्यांच्या सीडीचा वापरला होता. कोड एकदा त्याच्या नावावर चढला की तो त्याच्या यंत्रात कायमचा, मग जुनी सीडीही तिथे पूर्ण उघडते. हे सगळं त्याने लपवलंही नाही. उलट त्याला वाटलं असावं की यात बाबलीचं काही बिघडलेलं नाही.

"कागद तर जाग्यार आसा मा?" तो म्हणाला. "तू तसोय वापरूचंच नाय हुतंस."

बाबलीने त्याच्याकडे पाहिलं. मासळी बाजारात काही लोक शिळ्या बांगड्यावर पाणी मारून वर बर्फ पसरतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलतात. त्या माणसांशी बाबली कधी भांडला नव्हता. तो त्यांच्या समोरून दुसऱ्या रांगेला जायचा, एवढंच. कुर्ल्यांचे पैसे न घेता तो बाहेर आला आणि फाट्यापर्यंत चालत गेला.

मालवणला उतरून तो घरी गेला नाही, सरळ सुशांतच्या क्लासात गेला. पोरं टायपिंग करत होती. त्याने सुशांतला दारात बोलावून सांगितलं की विकीने कोड वापरला. सुशांतला आश्चर्य वाटलं नाही. तो म्हणाला, मला माहीत होतं, पण उगाच भांडणं नकोत म्हणून बोललो नाही.

बाबलीने विचारलं, "तुका कसा म्हायत?"

कोड वापरला गेला आहे हे कळायचा एकच रस्ता होता, आणि त्या रस्त्याने आपण स्वतः गेल्याशिवाय ते कळत नाही. सुशांतने चष्मा काढून शर्टाला पुसला. मग घाईघाईने म्हणाला की त्याने सहज टाकून पाहिला होता, तांत्रिक कुतूहल म्हणून. पडवीत कंपनीची बाजू घेताना त्याने जी शुद्ध भाषा वापरली होती तीच आताही होती. बाबलीला ती भाषाच सहन होईना. वाक्य संपायच्या आत तो जिना उतरला.

घरी आल्यावर त्याने सीडी यंत्रातून काढली, डबीत घातली आणि डबी नर्मदेला देऊन सांगितलं, ही माझ्या नजरेसमोर नको. नर्मदेने सगळं ऐकून घेतलं. ती मुळातच या खेळाला पोरखेळ मानायची, पण त्या पोरखेळाने नवऱ्याचा हात परत दिलेला होता, त्यामुळे त्याला ती कधी नावं ठेवत नसे. पाटावर तांदूळ निवडता निवडता तिने विचारलं, "तुमच्या कधी मनात इल्ला नाय? कोड घालूचा?"

"इल्ला," तो म्हणाला. "कागद हातात घेवन बसलंय एकदा. मगे ठेवलंय." आणि थोड्या वेळाने, "म्हणान तर जास्ती शिसारी येता. आपणाक कोणी असा करूक लावता, ह्याची."

एवढंच तो या विषयावर बोलला. फेरा त्या दिवशी संपला. स्वरूपला त्याने जुन्या यंत्राच्या सगळ्या सीडी एका पिशवीत भरून दिल्या, दोडामार्गाला ने म्हणाला, तुझ्या कारखान्यातली पोरं खेळू देत, परत करायची घाई नको. स्वरूप म्हणाला की सूर्याची डबी तरी ठेवा. बाबली म्हणाला, तीच आधी ने, ती चालू आहे अजून.

नवं यंत्र नर्मदेने शंकर सुट्टीत राहायचा त्या खोलीत ठेवलं. पोरं त्यावर पिक्चर बघायची. बाबली त्या खोलीत जायचा नाही.

नाताळच्या आधी विकी आला. तारकर्लीला विजेचा दाब एका संध्याकाळी असा वाढला की त्याचं यंत्र जळालं होतं, आणि सुट्टीचे पाहुणे दारात होते. बाबलीचं नवं यंत्र पडून आहे हे त्याला ठाऊक होतं. निदान पंधरवड्यापुरतं द्या, असं मागायला तो आला होता, आणि येताना काजूची पिशवीही आणली होती. गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, आत पाऊल टाकून त्याने बाबलीला हाक मारली.

बाबली अंगणातच होता. फाटलेलं जाळं त्याने फणसाला बांधून ताणलं होतं आणि त्याच्या मागे तो सुई घेऊन बसला होता. जाळ्यामागे माणूस लपत नाही. विकीने त्याला पाहिलं, त्यानेही विकीला पाहिलं, आणि मग खाली मान घालून पुढची गाठ मारली.

नर्मदा ओल्या हातांनी पायरीवर आली. तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं, मग विकीकडे.

"ते घरात नाय," ती नवऱ्याच्या देखतच म्हणाली.

विकी काजूची पिशवी पायरीवर ठेवायला वाकला. नर्मदा म्हणाली, "ती घेवन जा."