वत्सलाबाईंच्या दोन उभ्या रेघा

वत्सलाबाई गायखे भाजी-फुलं पिकवणाऱ्यांच्या सोसायटीत बावीस वर्षं टायपिस्ट होत्या. त्यांनी टाइप केलेला एक कागद कधी चुकीसाठी परत आला असेल तर शपथ. नाशिकच्या मार्केट यार्डाजवळचं ते ऑफिस. २००६ साली तिथे कॉम्प्युटर आला, टाइपरायटर माळ्यावर गेला आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मालाची पावती आता म्हणे नव्या प्रोग्रॅमवर निघणार.

चेअरमन सहादूअण्णा मोगल निफाडचे. मनाने वाईट नव्हते, पण जीभ फटकळ. "बाई, सोमवारी पावती निघाली पायजे. नाय जमलं, तर कोर्स केलेली एक पोरगी बघून ठेवलीय. मग तुमचं बघू." तुमचं बघू! म्हणजे घरी बसा, दुसरं काय?

प्रोग्रॅम कसा चालवायचा ते सगळं ईमेलने आलेल्या मदतीच्या फाइलीत होतं. बाईंनी ती आपल्या फोल्डरमध्ये ठेवली आणि उघडली. डावीकडे धड्यांची नावं दिसली. उजवीकडे मजकुराच्या जागी नुसतं इंग्रजीत, की पान दाखवता येत नाही. शुक्रवारी देवळाली कॅम्पातून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा जीवन आला. "एवढंच ना काकू? बाहेरून आलेल्या फाइलीला विंडोज कुलूप लावतं." राइट क्लिक करून, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्याने अनब्लॉकचं बटण दाबलं. तरी उजवी बाजू कोरीच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी तेच. वैतागून त्याने फाइल डेस्कटॉपवर घेतली, तर झटकन उघडली! काकूंच्या फोल्डरमध्ये परत टाकली की पुन्हा हटून बसली. जीवनने हात टेकले. "काकू, तुमचा फोल्डरच पनवती आहे."

हे मात्र बाईंना झोंबलं. माथ्यावर श्री लिहिल्याशिवाय जिने जन्मात एक ओळ टाइप केली नाही, तिचा फोल्डर पनवती?

"नाव वाच त्याचं!" त्या कडाडल्या.

जीवनने वाचलं: #SHREE#. "ही जाळी कशाला काकू?"

"जाळी कसली रे मेल्या? श्रीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा असतात की नाही? तुमच्या या कीबोर्डवर सापडेनात. हिच्यात दोन उभ्या दिसल्या, आडव्यांकडे मी केला काणाडोळा."

जीवन खो खो हसत सुटला. बाई हसल्या नाहीत. चूक सापडेनाशी झाली की दोन कागद शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून बघायचं, ही त्यांची जुनी खोड. फाइल तीच, मशीन तेच. मग वेगळं काय? नुसतं नाव! "सरक बाजूला," त्या म्हणाल्या. "आणि श्रीला हात लावायचा नाही." त्यांनी दोन्हीकडच्या जाळ्या तेवढ्या पुसल्या आणि फाइल पुन्हा उघडली. उजवीकडे मजकूरच मजकूर.

"अगं बाई!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बाहेरचे हमाल आत डोकावले. जीवनने कान पकडले. फोल्डरच्या नावात ते चिन्ह आलं की त्यापुढचा पत्ता असल्या मदतीच्या फाइलीला वाचताच येत नाही, हे त्यालाही आजच कळत होतं.

शनिवारी-रविवारी बाईंनी अख्खे धडे वहीत उतरवून काढले. सोमवारी अण्णा स्वतः मागे उभे राहिले. माल घेऊन आलेल्या नवसाबाईच्या झेंडूची पहिली पावती निघाली. अण्णांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. चूक काही सापडेना.

"हे जीवनने करून दिलं ना?"

"कुलूप त्याने काढलं. खरी अडचण मी शोधली," बाई म्हणाल्या. मान ताठ होती.

अण्णा जरा घुटमळले. "मग त्या पोरीला काय सांगू?"

"या म्हणावं. मला हाताखाली कुणीतरी लागेलच. आणि अण्णा, माझ्या रिटायरमेंटला अजून अकरा वर्षं आहेत."