तीनदा पुकारा

आमच्या क्लबातल्या बॉक्सिंग चॅम्पियनच्या निवृत्तीच्या सत्काराला जो वक्ता उभा राहिला त्यानं 'पोकळी' हा शब्द वापरला. पुण्यात माणूस वारला, निवृत्त झाला किंवा नुसतं दुकान बंद झालं तरी पोकळी निर्माण होते, आणि ती कधीही भरून न येणारी असते. मी पहिल्या रांगेत मांडीवर नारळ घेऊन बसलो होतो. शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "आता संपलं हो बॉक्सिंग. मोठी नावं गेली. बघायचं कोणाला?"

 मला राग आला, तो अजून गेलेला नाही. बॉक्सिंग संपलं असेल, तर ते चॅम्पियन निवृत्त झाल्यामुळे संपलेलं नाही. आम्ही एकाच झाडाला पाणी घालत बसलो. क्लबात चांगले ग्लोव्हज आले की ते त्याला. बाहेरगावचा प्रशिक्षक आला की तो त्याच्यासाठी. बाकीची मुलं त्याच्यासमोर उभी करायची, त्याचा सराव व्हावा म्हणून. ती मार खायची आणि घरी जायची. आता त्याच्या गळ्यात हार घालून तेच आम्ही म्हणतो, बाग सुकली.

'आम्ही' म्हणताना मी स्वतःला सोडत नाही. बरीच वर्षं मी या क्लबाचा मानद सचिव होतो. नोकरी सरकारी कचेरीत, घर शनिवार पेठेत. आयुष्यात कधी कोणाला ठोसा मारलेला नाही. तरी स्पर्धेत माईक माझ्याच हातात असायचा, कारण माझे उच्चार स्वच्छ. ळ आणि ण कुठे घसरायचे नाहीत. लोक म्हणायचे, काका बोलले की आकाशवाणी लागल्यासारखं वाटतं. मला ते फार आवडायचं. आज वाटतं, माझी जीभ थोडी बोबडी असती तर एका माणसाचं आयुष्य वेगळं झालं असतं.

त्या माणसाला मी इथे डावखुरा म्हणतो. तो येरवड्याचा, आमच्याच क्लबात खेळणारा. वडिलांचा मंडईत भाजीचा गाळा होता. तो आणि चॅम्पियन एकाच वयाचे, एकाच वजनगटातले. डावखुऱ्याशी खेळणं अवघड असतं, कारण ठोसा नको त्या बाजूनं येतो. सरावात त्यानं चॅम्पियनला एकदा असं पाडलं की सगळा क्लब सराव सोडून बघत राहिला होता.

वीसेक वर्षांपूर्वी जिल्हा स्पर्धेच्या अंतिम फेरीत हे दोघे समोरासमोर आले. राज्य संघाचे निवड करणारे लोक त्या दिवशी बघायला येणार होते. चॅम्पियनचं नाव तेव्हाच पेपरात यायला लागलं होतं. एका उद्योजकानं त्याचा खर्च उचलायचं कबूल केलं होतं. सकाळी क्लबाचे तेव्हाचे अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा डावखुरा आज आपल्या पोराला खाईल. काहीतरी बघा."

एवढंच. 'काहीतरी बघा.' कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुढची युक्ती माझी होती. अध्यक्ष आता हयात नाहीत, म्हणून सगळं त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. मी ते करणार नाही.

आमचा नियम असा होता की लढतीआधी खेळाडूचं नाव माईकवरून तीनदा पुकारायचं. तिसऱ्या पुकाऱ्याला तो रिंगमध्ये नसेल तर समोरच्याला पुढे चाल, म्हणजे न खेळता विजय. लढत सुरू व्हायच्या थोडं आधी डावखुरा हाताला पट्ट्या बांधून बाकावर बसला होता. मी त्याला म्हणालो, "तुझ्या वजनाबद्दल तक्रार आलीय. रस्त्यापलीकडे शाळेत काटा आहे, पटकन वजन करून ये. घाई नाही, तू आल्याशिवाय लढत लावत नाही." तो उठला आणि गेला. त्यानं एक शब्द विचारला नाही. काकांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार.

शाळेला कुलूप होतं. मला ते माहीत होतं.

मी माईक हातात घेतला आणि त्याचं नाव पुकारलं. थांबलो. परत पुकारलं. तिसऱ्या वेळी आवाज नेहमीपेक्षाही चांगला लागला होता, हे मला लख्ख आठवतं. मग मी म्हणालो, "प्रतिस्पर्धी गैरहजर राहिल्यामुळे पुढे चाल देण्यात येत आहे." टाळ्या पडल्या. चॅम्पियनचा हात पंचानं वर केला.

डावखुरा धापा टाकत परत आला तेव्हा पुढच्या लढतीची मुलं रिंगमध्ये चढत होती. तो पंचांशी भांडला. पंचांनी नियम सांगितला. मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "काका, तुम्हीच पाठवलं ना मला?"

मी म्हणालो, "वजनाला पाठवलं होतं. वेळेत यायचं नाही का?"

आजूबाजूला माणसं होती. त्यांनी फक्त माझं वाक्य ऐकलं. संध्याकाळपर्यंत गोष्ट तयार झाली की पोरगं घाबरलं, वजनाचं निमित्त करून सटकलं. नंतर कोणी त्याला पळपुटा म्हणालं, आणि ते नाव चिकटलं. क्लबात चहा पिताना लोक तो किस्सा रंगवून सांगायचे. मी तिथे बसलेलो असायचो. कधीकधी हसायचोसुद्धा.

त्यानंतर तो कुठल्याही स्पर्धेत उतरला नाही. चॅम्पियन राज्याकडून खेळला, देशाकडून खेळला, पदकं आणली. त्यात त्याची मेहनत होती, मी ती नाकारत नाही. पण पुण्यात त्याच्या वजनात त्याला खरा त्रास देणारा मुलगा एकच होता, आणि त्याला मी कुलूपबंद शाळेत पाठवलं होतं.

डावखुऱ्यानं खेळ मात्र सोडला नाही. गेली काही वर्षं तो पहाटे आमच्या क्लबाच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलांना शिकवतो. एवढ्या सकाळी दुसरं कोणी शेड उघडायला तयार नव्हतं, म्हणून कमिटीनं किल्ली त्याच्याकडे दिली. येरवड्यातली, विश्रांतवाडीतली मुलं आणि मुली येतात. चॅम्पियन खेळत होता तोवर याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

सत्कारानंतर महिन्याभरात शेडमध्येच कमिटीची बैठक लागली; सचिवपद सोडलं तरी मी अजून कमिटीवर होतो. विषय, शेड आणि मागच्या मैदानाचं काय करायचं. चिवडा होता, चहा होता, आणि चॅम्पियन मानाचा पाहुणा म्हणून बसला होता. खजिनदारांनी प्रस्ताव मांडला की जागा बॉक्स क्रिकेटला भाड्यानं द्यावी. जाळी लावायची, हिरवा गालिचा टाकायचा, आयटीतली मुलं संध्याकाळी येतात, भाडं चांगलं मिळतं.

मी विचारलं, "आणि बॉक्सिंग?"

"नावात बॉक्स आहे ना, काका," खजिनदार म्हणाले. सगळे हसले.

आताचे अध्यक्ष म्हणाले, "अहो, आता स्टार नाही. स्टार नसला की मुलं येत नाहीत, पेपरवाले येत नाहीत. शेड उघडून कोणासाठी बसायचं?"

मी म्हणालो, "सकाळी मुलं येतात. शिकवणारा आहे. क्लब त्याच्याकडे द्या."

कोपऱ्यातून एक सदस्य म्हणाले, "तो? जो फायनलला पळाला तो? पोरांना काय शिकवणार, दार कुठल्या बाजूला आहे ते?"

पुन्हा हसले. या वेळी मी हसलो नाही. मी उभा राहिलो आणि सांगितलं. सगळं. वजनाची खोटी तक्रार, शाळेचं कुलूप, तीन पुकारे. मी आवाज चढवला नाही. त्याची कधी गरजच पडली नव्हती. "तो पळाला नाही," मी म्हणालो. "मी त्याला पळवलं. आणि इतकी वर्षं तुम्ही सगळे ज्यावर हसलात, ते माझं खोटं होतं."

मला वाटलं होतं की शेडमध्ये काहीतरी होईल. कोणी शिव्या देईल, कोणी उठून जाईल. खजिनदारांनी चहाचा कप खाली ठेवला, इतकंच. अध्यक्ष म्हणाले, "काका, बसा. वय झालं की जुनं मनाला लागतं." मी चॅम्पियनकडे पाहिलं. तो बशीतला चिवडा बाजूला सारत होता. म्हणाला, "जाऊ द्या ना काका. आता कशाला? तेव्हा मी कोणाला सांगितलं होतं का असं करायला?"

"तू नाही सांगितलंस. पण तू त्याला कधी म्हणालास का, चल, एकदा खेळू?"

"माझं शेड्यूल काय असायचं माहितीये ना तुम्हाला?"

त्याच्या चेहऱ्यावर मला क्षणभर जुना मुलगा दिसला, सरावात आपटून उठलेला. मग त्यानं फोन काढला. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त राग आला तो हे कळल्याचा, की त्याला असं घडवण्यात माझा हात होता. ज्याला हरायची वेळच येऊ दिली नाही, त्यानं दुसऱ्याच्या हरण्याचा विचार कुठून करायचा?

मतदान झालं. बॉक्स क्रिकेटला संध्याकाळ आणि रात्र, शेड सकाळी डावखुऱ्याकडे, पुढच्या वर्षी फेरविचार. माझ्या कबुलीमुळे हे झालं असं कोणी समजू नये. क्रिकेटवाल्यांना सकाळ नकोच होती. सकाळी ती मुलं झोपलेली असतात.

डावखुऱ्याचं म्हणणं विचारावं म्हणून त्याला बोलावलेलं होतं, पण आत कोणी घेतलं नव्हतं. तो बाहेर गाडीला टेकून उभा होता. पत्र्याची भिंत. त्यानं सगळं ऐकलं होतं. मी हात जोडले.

"हात कशाला जोडता?" तो म्हणाला. "मला ठाऊकच होतं. कुलूप बघितलं तेव्हाच समजलं. मला सांगायची काय गरज नव्हती."

"मग कोणाला सांगायची होती?"

"वडील आले होते त्या दिवशी. गाळा बंद करून आले होते, आयुष्यात पहिल्यांदा. मागं खुर्चीवर बसले होते. घरी जाऊन मी किती सांगितलं, मला मुद्दाम पाठवलं म्हणून. त्यांचं एकच, माईकवरचे साहेब खोटं कशाला बोलतील? एवढं शुद्ध बोलणारा माणूस." त्यानं गाडीवरची धूळ हातानं पुसली. "ते गेले. मरेपर्यंत त्यांना वाटत होतं की मी घाबरलो. आता तुम्ही आत चिवडा खाणाऱ्यांना सांगितलंत. बरं केलंत."

मी जोडलेले हात खाली घेतले.

मग तो म्हणाला, "सकाळची शेड मी घेतो. पण तुम्ही कमिटीवर असाल तर नाही घेणार. आणि तुम्ही सकाळी तिकडं यायचं नाही. पोरं विचारतील हे कोण, आणि मला खोटं बोलता येत नाही, खरं सांगायची इच्छा नाही."

त्याच आठवड्यात मी कमिटीचं सदस्यत्व सोडलं. अध्यक्षांनी फोन करून विचारलं, रुसलात का काका? मी म्हटलं, नाही. त्यांनी विषय बदलला आणि जाळी कुठल्या रंगाची लावायची यावर माझं मत मागितलं.

बॉक्सिंगचं पुढे काय, असं आजही मला भेटेल तो विचारतो. टीव्हीवर माणसं बसवून तोच प्रश्न विचारतात. मोठे गेले, आता कोण? मी म्हणतो, सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या शेडकडे जा. आत मुलं एकमेकांना मारत असतात, एकमेकांकडून मार खात असतात. त्यातली कोण मोठी होणार हे अजून कोणी ठरवलेलं नाही, आणि म्हणूनच ते बघण्यासारखं आहे. जाऊन या आणि मला सांगा. मला तिथे जाता येत नाही.