रिकामा हत्तीखाना

“हिला इथं गाय कुठून आणून देऊ?” बाबा बागेच्या फाटकाशी आईकडे बघत स्वतःशीच पुटपुटले.

आज पिंपरीत ओल्या कडब्याचा वास आला आणि जपानमधली ती प्राण्यांची बाग आठवली. ज्या औषधाअभावी माझा धाकटा भाऊ गेला, तेच बनवायला शिकण्यासाठी इथल्या औषध कंपनीने बाबांना तिकडे पाठवलं होतं. भाऊ गेल्यापासून आई गाईला घास दिल्याशिवाय जेवत नसे. त्या शहरात गाय दिसेना, म्हणून ती नुसत्या चहावर होती. मला ती हट्टी वाटायची. आता कळतं, तिला भावाच्या मागे जायचं होतं.

“हत्ती चालेल ना? गणपतीच तो,” बाबांनी तिला कसंबसं मनवलं.

फुललेल्या चेरींखालून आम्ही पोहोचलो, तर हत्तीखाना रिकामा. म्हाताऱ्या रखवालदाराने अडखळत इंग्रजीत सांगितलं, की बाँब पडून हत्ती सुटेल या भीतीने युद्धात त्याचं खाणं बंद करायचा हुकूम आला. माणूस दिसला की तो सोंड पुढे करायचा.

“काय म्हणतोय गं?” आईने विचारलं. पोळी धरलेल्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. बाबांनी मला मानेनेच ‘नको’ म्हटलं.

“आई, त्याला उपाशी मारलं. तू तरी जेव.”