खाईपर्यंत ओट्यावर

लॉकडाऊनमध्ये आमच्या होटगीतली अंगणवाडी बंद झाली, तेव्हा मला सातवा महिना होता. अंगणवाडीच्या बाई गरोदर बायकांची डाळ घरोघर पोचवायच्या. तोंडावर मास्क, तरी आवाज चार घरं पलीकडं जायचा.

एकदा त्यांनी विचारलं, “डाळ तूच खातीस न्हवं?”

मी आतल्या आमटीच्या पातेल्याकडं बघितलं. घरात सगळ्यांची कामं सुटलेली; माझी डाळ सगळ्यांच्या आमटीत जायची.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच्या घरून उकडलेलं अंडं घेऊन आल्या आणि ओट्यावर लांब बसल्या. “खा की. तू खाल्ल्याबिगर मी उठत न्हाय.”

मग रोज तसंच. आठवड्यानं सासूबाईंनी सगळ्यांच्या आधी माझं ताट वाढलं. बाईंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यात दोन अंडी होती. एक त्यांनी सासूबाईंपुढं केलं.

“मावशी, हे तुमचं. तुमीबी उपाशीच हाय की.”

सासूबाई पदर तोंडाला लावून रडल्या.